जादू येण्याआधीचं घर

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच जातीच्या चित्रपटांबद्दल आहेत: साधं घर, साधी माणसं आणि त्यात मध्येच शिरलेली जादू. राजवाड्यांबद्दल, तलवारींबद्दल एकही पत्र नाही, याचा मला आनंद झाला. नव्या वाचकांना सांगते, मी एकवीस वर्षं चित्रपट-संकलनाच्या टेबलावर काढली आणि गेली नऊ वर्षं दर शनिवारी मुलांना चित्रपट दाखवते. खेळ चालू असताना मी पडद्याकडे तोंड करून बसत नाही. बाजूच्या भिंतीला टेकून मुलांचे चेहरे बघते. खालची उत्तरं बरीचशी त्या भिंतीपाशीच मिळालेली आहेत.

ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. ‘माय नेबर टोटोरो’ लावला की पहिल्या अर्ध्या तासात तो चारदा उठतो. ‘आई, तो मोठा प्राणी कधी येणार?’ हे चालूच. सरळ पुढे ढकलून टोटोरो येतो तिथूनच लावला तर?
– सहा वर्षांच्या मुलाची आई

नका लावू. मी ते करून पाहिलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

एका शनिवारी सगळी मुलं लहान होती, सातच्या आतली. मी सुरुवात गाळली आणि धाकटी मेई त्या छोट्या पांढऱ्या प्राण्याच्या मागे झुडपात शिरते तिथून चित्रपट लावला. मुलं खूप हसली. टोटोरोच्या पोटावर मेई झोपते तेव्हा तर टाळ्या पडल्या. पण पुढे ती एकटीच आईला भेटायला दवाखान्याच्या वाटेला लागते आणि हरवते, तेव्हा माझ्यासमोरचे चेहरे कोरडे होते. एक मुलगी शेजारणीला विचारत होती, ‘हिची आई कुठंय पण?’ आई आजारी आहे, घर नवं आहे, थोरली बहीण सात्सुकी आईची जागा घेऊ बघतेय, हे सगळं मी कापून टाकलेल्या भागात होतं. दोन महिन्यांनी तोच चित्रपट जवळजवळ त्याच मुलांना पहिल्यापासून दाखवला. मेई हरवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

हायाओ मियाझाकींचा हा चित्रपट १९८८चा, ८६ मिनिटांचा. टोटोरो दिसायला सुमारे अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात काय काय आहे ते एकदा मुलाशिवाय, एकट्याने बघा. सामानाने भरलेला टेम्पो. पुढच्या दारातला कुजलेला खांब, तो हलतो म्हणून दोघी बहिणी तो आणखी हलवून बघतात. छतातून टपकन पडणारी ओकची टोपीवाली बी. हापसा मारून काढलेलं पाणी. रात्री वाऱ्याने घर करकरतं तेव्हा न्हाणीघरात बाप मुद्दाम मोठ्याने हसतो, आणि घाबरलेल्या मुली त्याच्या पाठोपाठ हसायला लागतात. मग सायकलवरून दवाखाना, आणि तिथे आई पलंगावर बसून सात्सुकीचे केस विंचरते.

यातलं काहीही जादूचं नाही. (घरातले काळे काजळीचे गोळे सोडा, ते तर मुलांना पहिल्या दिवशीच घरातले वाटायला लागतात.) पण हे घर आपल्या ओळखीचं झालेलं असतं म्हणूनच, मेई बूड नसलेल्या बादलीतून बघते आणि गवतात ती बी चमकते, तेव्हा आपल्या पोटात काहीतरी हलतं. अनोळखी घरात काहीही घडलं तरी आपल्याला ते नवलाचं वाटत नाही, कारण तिथलं नेहमीचं काय हेच आपल्याला माहीत नसतं. संकलक म्हणून सांगते, असा भाग कापून टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झालाय. तो कापला की जादूच्या पायाखालची जमीन जाते.

तुमच्या मुलासाठी एक करा. त्याला काम द्या. ‘मेईला ओकची बी सापडायच्या आधी तुला किती सापडतात ते मोज.’ तो उठणार नाही.

आणि एका जागी तुम्ही स्वतः लक्ष द्या. मेईला टोटोरोची वाट पुन्हा सापडत नाही. ती रडकुंडीला येते, ‘मी खोटं बोलत नाही’ म्हणते. बाप म्हणतो की तुला या जंगलाचा राजा भेटला असणार, पण तो दर वेळी भेटेलच असं नाही. मग दोघींना घेऊन तो त्या प्रचंड झाडासमोर जातो आणि वाकून नमस्कार करतो. त्या क्षणी मुलं पडद्याकडे बघत नाहीत. शेजारी बसलेल्या आईबापांकडे बघतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्या जागेची वाटच बघत असते.

मावशी, किकीच्या सिनेमात शेवटी मांजर परत बोलतच नाही! किकीला उडता येतं परत, मग मांजराचं का नाही? मी रडले आणि दादा हसला.
– वय ११

रडलीस त्यात काही चुकलं नाही. दादाला सांग, मीही रडले होते, आणि तेव्हा मी चाळिशीत होते.

‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ १९८९चा, मियाझाकींचाच. मूळ कादंबरी एइको कादोनो यांची. तेरा वर्षांची चेटकीण वर्षभरासाठी एकटी घर सोडते, सोबत झाडू आणि काळं मांजर जीजी. आता आठवून बघ, जीजी बोलायचा तेव्हा काय बोलायचा? ‘हे शहर नको’, ‘ही माणसं आपल्याला हसतायत’, ‘मला भीती वाटते’. त्यातलं बरंचसं किकीच्याच मनातलं नव्हतं का? लहानपणी आपण मनातलं बाहुलीच्या, कुत्र्याच्या नाहीतर मांजराच्या तोंडून बोलतो. किकीला नंतर माणसं भेटली: बेकरीवाली ओसोनो, रानात राहणारी चित्रकार मुलगी, मित्र झालेला तोंबो. तिच्या मनातलं ती हळूहळू त्यांच्याशी बोलायला लागली.

उडणं परत आलं, पण तेही पहिल्यासारखं नाही. आईचा झाडू तुटलेला होता. तोंबोला वाचवायला ती रस्ता झाडणाऱ्याचा ब्रश घेऊन उडते आणि तो कसा वेडावाकडा जातो! म्हणजे जे परत आलं ते नवीन आहे, तिनं स्वतः मिळवलेलं. जीजीचं बोलणं मागे राहिलं. जीजी राहिला नाही का? राहिला. शेवटी तो तिच्या खांद्यावर येऊन बसतो, ‘म्यांव’ म्हणतो आणि ती त्याला गालाशी घेते.

एका इंग्रजी डबिंगमध्ये जीजीच्या तोंडी शेवटी एक वाक्य घातलं होतं, तो पुन्हा बोलतो असं वाटावं म्हणून. मूळ जपानीत ते नाही. तू ते वाक्य नसलेला चित्रपट पाहिलास, हे चांगलं झालं. ते दुःख तुला पुरतं मिळालं.

पॅडिंग्टन हे अस्वल रस्त्यातून चालतं, बोलतं, आणि कुणालाच नवल वाटत नाही. हे पटकथेतलं भोक नाही का?
– एक वाचक

नाही, तिथेच तर त्या चित्रपटाचा सगळा जीव आहे. २०१४च्या ‘पॅडिंग्टन’मध्ये अस्वल घरात आल्यावर त्या घरातले वडील, ब्राउनसाहेब, काय करतात? विमा कंपनीला फोन लावतात. बोलणारं अस्वल त्यांना अशक्य वाटत नाही, अडचणीचं वाटतं. ते आश्चर्याने ओरडले असते तर चित्रपट अस्वलाबद्दलचा झाला असता. ते घरखर्चाच्या आणि जोखमीच्या भाषेत बोलतात म्हणून तो घराबद्दलचा होतो: अनोळखी पाहुण्याला आपण किती जागा देतो याचा.

मी मुलांसाठी वीस मिनिटांची फिल्म लिहितोय. एका मुलीला खोडरबर सापडतो. कागदावर लिहिलेलं जे काही ती त्याने पुसते, ते खरोखरच नाहीसं होतं. गणिताचा पेपर, पाऊस, शेजारचा भुंकणारा कुत्रा. सुरुवात मजेदार झालीय, पण मध्यापासून कथा पसरत चाललीय आणि शेवट सापडत नाही.
– चित्रपटाचा विद्यार्थी

कल्पना फार आवडली मला. शेवट सापडत नाही, कारण तुमचा खोडरबर काहीही करू शकतो. जी जादू काहीही करू शकते तिच्यात गोष्ट उरत नाही.

‘मिस्टर इंडिया’ आठवा, १९८७चा. मनगटावर यंत्र चढवलं की माणूस अदृश्य. पण लाल प्रकाशात तो दिसतो. एवढा एकच नियम, आणि लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहिलेला. त्यामुळे चित्रपटात कुठेही लाल काच दिसली की आपण सावरून बसतो. नियम असा हवा: मुलाला एका वाक्यात सांगता यावा, आणि तो वापरायची वेळ आली की मुलाला लेखकाच्या आधी सुचावा.

तुमचा नियम तुम्हाला शोधायलाही जायचं नाही, तो खोडरबरातच आहे. पहिली गोष्ट, खोडरबर झिजतो. प्रत्येक वेळी तो थोडा लहान होईल, आणि टेबलावर चुरा पडेल. तो चुरा दाखवा. मुलगी तो फुंकरीने उडवते की डबीत जपून ठेवते, यावरून ती कशी आहे ते एकाही संवादाशिवाय कळेल. दुसरी गोष्ट याहून मोठी. खोडरबर पुसतो, लिहीत नाही. गेलेलं त्याने परत आणता येत नाही. कुत्रा गेला तो गेला. परत आणायचा तर पेन्सिल हातात घ्यावी लागेल, आणि पेन्सिलीत जादू नाही. मग मुलगी काय करेल? शेजारच्या दारात उभं राहून काय सांगेल? तुमचा शेवट मला त्या दारात दिसतो. पण तो तुम्ही लिहायचा.

जादूची खूण लहान ठेवा. पेनी मार्शल यांच्या ‘बिग’मध्ये (१९८८) बारा वर्षांचा जॉश जत्रेतल्या यंत्रासमोर ‘मला मोठं व्हायचंय’ म्हणतो. यंत्राचे डोळे चमकतात, एक चिठ्ठी बाहेर येते. मग त्याची नजर खाली जाते: यंत्राचा प्लग काढलेला आहे. ना धूर, ना वीज कडाडणं. फक्त जमिनीवर पडलेली वायर. संकलनाच्या टेबलावर मला असे शॉट मिळाले की मी दिवसभर खूश असायचे. तुमच्या फिल्ममध्ये पहिल्यांदा पाऊस पुसला जाईल तेव्हा आभाळ दाखवू नका. खिडकीच्या गजाला लटकलेला शेवटचा थेंब दाखवा, आणि मग कोरडा गज.

आमच्या घरात चार वर्षांची नात आहे आणि ऐंशीची तिची पणजी. दोघींना एकत्र बसवता येईल असं काही?
– एक आजोबा

आल्बेर लामोरिस यांचा ‘द रेड बलून’. १९५६चा फ्रेंच चित्रपट, ३४ मिनिटांचा, संवाद नावापुरते. पॅरिसच्या जुन्या चढउतारांच्या गल्ल्यांतून एका मुलाच्या मागे लाल फुगा फिरतो: बसमागून येतो, खिडकीबाहेर थांबतो, शाळेत शिरायला बघतो. काम करणारा मुलगा दिग्दर्शकाचाच. एवढ्या कमी शब्दांच्या चित्रपटाला पटकथेचं ऑस्कर मिळालं. एकच गोष्ट आधी सांगून ठेवते. शेवटाकडे दांडगी पोरं फुग्याला दगड मारतात, आणि फुगा एकदम फुटत नाही, हळूहळू सुरकुतत जातो. तो वेळ चार वर्षांच्या मुलीला मोठा वाटेल. पणजीच्या मांडीवर बसवा. त्यानंतर जे येतं ते मी सांगणार नाही.

माझी आठ वर्षांची मुलगी प्रत्येक जादूच्या दृश्यानंतर ‘हे कसं केलं?’ विचारते. मला माहीत असलं तरी मी सांगत नाही, मजा जाईल म्हणून. बरोबर करतोय का?
– एक बाबा

सांगा. भरभरून सांगा. मी मुलांना युक्ती सांगितल्यावर आजवर एकाही मुलाने ‘शी, एवढंच?’ म्हटलेलं नाही. ‘परत लावा’ म्हणतात, आणि दुसऱ्यांदा दुप्पट डोळे लावून बघतात.

‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधलं (१९३९) ते दार तिला दाखवा. डोरोथीचं घर तपकिरी रंगात आहे, ती दार उघडते आणि बाहेर रंगच रंग. एवढ्यात रंग आला कुठून? तो शॉट पूर्ण रंगीतच घेतला होता. घराची आतली बाजू तपकिरी रंगवलेली होती. पाठमोरी दार उघडते ती डोरोथीच्या जागी उभी केलेली दुसरी मुलगी, तिचा झगाही तपकिरी. ती बाजूला होते आणि निळ्या झग्यातली खरी डोरोथी, म्हणजे नटी जुडी गारलंड, बाहेर पाऊल टाकते. रंगाचा डबा, एक जादा झगा आणि नेमकी वेळ. माझ्या लेखी चित्रपटातली ही सगळ्यात सुंदर युक्ती आहे.

‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) बघितला असेल तर त्यात खरी माणसं चित्रातल्या पेंग्विनांबरोबर नाचतात. तिथे कलाकारांच्या मागे सोडियमच्या दिव्यांनी उजळलेला पिवळा पडदा होता. कॅमेऱ्यातला लोलक तेवढा पिवळा प्रकाश वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवायचा, त्यामुळे माणसाच्या कडा इतक्या नेटक्या सुटायच्या की टोपीवरची विरळ जाळीसुद्धा शाबूत राहायची. आणि १९८४च्या मल्याळम ‘माय डिअर कुट्टिचात्तन’मध्ये, हा भारतातला पहिला थ्री-डी चित्रपट, मुलं भिंतीवर आणि छतावर चालतात. चालतात ती जमिनीवरच. खोली गोल फिरते आणि कॅमेरा खोलीला बांधलेला आहे, म्हणून आपल्याला खोली स्थिर दिसते आणि मुलं फिरताना दिसतात. हे समजावायला बुटांचा रिकामा खोका आणि एक गोटी पुरे. खोका फिरवा, गोटी तळालाच राहते. मग फोन खोक्याच्या आत चिकटवून तेच टिपा.

शेवटी तिच्याकडून एक युक्ती करून घ्या. जॉर्ज मेलियेस यांनी १८९६मध्ये अशीच एक बाई खुर्चीवरून नाहीशी केली होती. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर पक्का टेकवा. मुलीला स्टुलावर बसवा, टिपायला लागा, थांबवा. तिला उठवा. पुन्हा टिपा. दोन तुकडे जोडले की मुलगी गायब. मुलं दोन चुका हमखास करतात: मध्ये फोनला धक्का लावतात, आणि मागे उभी असलेली माणसं हलतात. आणखी एक म्हणजे खिडकीचं ऊन. दोन तुकड्यांत पाच मिनिटं गेली तर सावली सरकते आणि सगळं उघडं पडतं. हे तिला आधी सांगू नका. तिचं तिला दिसू द्या. सावली सरकलेली ज्या मुलाला दिसली, ते मूल पुढे कुठलाही चित्रपट नीट बघतं.

मागच्या महिन्यात माझी आई गेली. मुलगा आठ वर्षांचा, आजीचा फार लाडका. तो काहीच बोलत नाही. मला त्याच्याबरोबर बसून काहीतरी बघायचंय, पण रडवणारं नको, आणि खोटं समाधान देणारंही नको.
– एक आई

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

सेलिन सिअमा यांचा ‘पेतीत मामाँ’ बघा. २०२१चा फ्रेंच चित्रपट, ७२ मिनिटांचा. आठ वर्षांच्या नेलीची आजी गेलीय. आईबाप आजीचं घर आवरायला जातात, नेली सोबत आहे. एके सकाळी आई न सांगता निघून जाते, तिला ते सोसत नाही. नेली मागच्या रानात जाते, तिथे तिच्याच वयाची, तिच्यासारखीच दिसणारी एक मुलगी फांद्यांची झोपडी बांधत असते. तिचं नाव मारियों. नेलीच्या आईचं नाव तेच. पावसात दोघी मारियोंच्या घरी पळतात, आणि ते घर आजीचंच असतं, फक्त त्यात आजी तरुण आणि जिवंत आहे.

कुठे दिवा लुकलुकत नाही, धुकं येत नाही. काम करणाऱ्या दोघी मुली खऱ्या जुळ्या बहिणी आहेत, एवढंच. रान ओलांडलं की आईचं बालपण. ‘मी तुझी मुलगी आहे’ असं नेली तिला सांगते, आणि मारियों विश्वास ठेवते. मुलं ठेवतात. आजीला परत आणण्याचा प्रयत्न चित्रपट करत नाही, म्हणून तो खोटं समाधान देत नाही. तो नेलीला तिची आई दाखवतो: आई होण्याआधीची, तिच्याएवढी, तिच्यासारखीच घाबरणारी. तुमच्या मुलालाही कदाचित आत्ता आजीइतकंच तुमचं काय होतंय ते कळत नसेल.

आधी एकटीने बघा. दवाखान्याचा, शस्त्रक्रियेचा उल्लेख आहे, तो तुम्हा दोघांना आत्ता झेपेल का ते तुम्हीच ठरवा. नसेल झेपत तर राहू द्या, चित्रपट कुठे जात नाही. भाषा फ्रेंच आहे, संवाद थोडे आहेत. पडद्याखाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी तुम्ही हळू आवाजात त्याच्या कानाशी मराठीत सांगत जा. आमच्या शनिवारी एक आई असं करत होती. अर्ध्यावर तिचा मुलगा तिच्या कुशीत सरकला आणि तिने सांगायचं थांबवलं. त्याला पुढचं सगळं कळलं.

आणि सुरुवातीची दोन-तीन मिनिटं चुकवू नका. वृद्धाश्रमात नेली एकेका खोलीत जाते आणि तिथल्या प्रत्येक म्हातारीचा निरोप घेते. तुमच्या मुलाला ते उगाचच वाटेल, तुम्हालाही कदाचित वाटेल. आपल्या आजीचा शेवटचा निरोप नीट घेतला नाही, ही सल नेली नंतर आईला सांगते. ती सल कुठे मोकळी होते, ते त्या दोन-तीन मिनिटांशिवाय समजणार नाही.